संगणकाची नोंदवही : पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांचे कालमापन

पर्जन्यमापकाजवळ दररोज सकाळी ८.३० वाजता जाऊन आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजणारा आणि तो वहीत उतरवणारा माणूस आपल्या वाचकांस अपरिचित नाही. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशीही तो वहीत शून्य लिहितो. हे शून्य फार मोलाचे असते. ‘मी पाहिले आणि पाऊस नव्हता’ असे ते सांगते. रकाना कोरा राहिला, तर मात्र पाऊस पडला नाही की कोणी पाहिलेच नाही, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. शून्य आणि कोरा रकाना यांतील हा भेद ज्यास उमजला, त्यास प्रस्तुत पाठाचा निम्मा भाग उमजला असे समजावे.

आज पंचायत, शाळा, सहकारी संस्था व शासकीय कचेऱ्या यांचे बरेचसे दप्तर संगणकात असते. त्या दप्तराची राखीव प्रत काढणे, दोन ठिकाणच्या फाइली जुळवून पाहणे, जोडणी चालू आहे की नाही हे तपासणे, अशी कामे रोज किंवा दर काही मिनिटांनी तशीच्या तशी करावी लागतात. संगणक ती न कंटाळता करतो. परंतु त्याने ती केली काय, केव्हा केली, किती वेळात केली आणि ती तडीस गेली काय, याची नोंद ठेवण्याची आज्ञा आपण दिली नसेल, तर तो ती आपणहून ठेवीलच असे नाही. ही नोंद कशी ठेवावी व कशी वाचावी, हे एका साध्या उदाहरणाने येथे सांगावयाचे आहे.

कवच म्हणजे काय?

संगणकाच्या गाभ्याशी बोलण्यासाठी जो मध्यस्थ असतो, त्यास ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. आपण एक ओळ टंकावी, कवचाने ती वाचावी, संबंधित कार्यक्रम चालवावा व उत्तर पडद्यावर दाखवावे, असा हा व्यवहार आहे. युनिक्स ही संगणकप्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून आकारास आणली. १९७९ मध्ये तिच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे कवच आले. त्याच परंपरेतील ‘बॅश’ हे कवच ब्रायन फॉक्स यांनी लिहिले व ते १९८९ मध्ये प्रथम बाहेर पडले. लिनक्स प्रणालीच्या बहुतेक संगणकांवर आज ते आढळते. सी-डॅक या संस्थेने आपल्या देशात विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सच्याच कुळातील आहे.

रोज टंकावयाच्या ओळी एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या व ती फाइल कवचाच्या हाती दिली, की ते त्या ओळी एकामागून एक पार पाडते. अशा फाइलीस शेल स्क्रिप्ट म्हणतात. आपण तिला आज्ञावली म्हणू. वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे की यंत्रावर आज्ञा रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे देवनागरीत दिले आहेत.

एकदा वेळ मोजणे

समजा, एका पंचायत कार्यालयाचे सर्व दप्तर ‘कागद’ नावाच्या फोल्डरात आहे आणि दररोज रात्री त्याचा एक गठ्ठा बांधून तो बाहेरच्या डिस्कवर ठेवावयाचा आहे. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. येथे रुमालाचे काम ‘टार’ ही आज्ञा करते. तिला सी, झेड व एफ ही तीन लहान अक्षरे जोडली, की ती नवा गठ्ठा बांधते, तो दाबून लहान करते आणि सांगितलेल्या नावाच्या फाइलीत ठेवते.

या आज्ञेच्या आधी ‘टाइम’ हा शब्द लिहिला, तर काम संपताच तीन आकडे मिळतात. त्यांची नावे रिअल, यूजर व सिस. त्यांचा अर्थ एका दृष्टांताने स्पष्ट होईल. एक शेतकरी उताऱ्यासाठी कचेरीत गेला. दारातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे रिअल. कारकुनाने टेबलाशी बसून त्याच्याच अर्जावर प्रत्यक्ष काम केले, तो वेळ म्हणजे यूजर. त्याच अर्जासाठी दप्तरखान्यातील माणसाने कपाट उघडून वही काढली, तो वेळ म्हणजे सिस. बाकीचा वेळ शेतकरी बाकावर बसून होता.

आता आपल्या उदाहरणात रिअल १२ मिनिटे ३२ सेकंद, यूजर ३ मिनिटे १० सेकंद आणि सिस ४२ सेकंद निघाले असे मानू. प्रत्यक्ष कामाची बेरीज ३ मिनिटे ५२ सेकंद होते. उरलेली ८ मिनिटे ४० सेकंद यंत्र बाकावर बसले होते. बहुधा बाहेरच्या मंद डिस्कची वाट पाहत. अशा वेळी ‘संगणक जुना झाला, नवा घ्यावा’ असा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी डिस्क किंवा तिची तार बदलून पाहणे शहाणपणाचे ठरते. तीन आकड्यांनी सार्वजनिक पैशाचा एक खर्च वाचू शकतो. यंत्रात एकाहून अधिक गाभे असतील, तर यूजर व सिस यांची बेरीज रिअलपेक्षा जास्तही भरू शकते. दोन कारकून एकाच अर्जावर एकाच वेळी बसले, तर असेच होईल.

मात्र एका मोजणीवर विसंबू नये. तेच काम लगेच दुसऱ्यांदा केले, तर ते पुष्कळदा लवकर होते, कारण नुकत्याच वाचलेल्या फाइली संगणकाने स्मृतीत धरून ठेवलेल्या असतात. यास्तव मोजणी पुन्हा पुन्हा आणि ठरावीक वेळी झाली पाहिजे. येथून नोंदवहीची गरज सुरू होते.

आठ ओळींची आज्ञावली

खालील आठ ओळी म्हणजे आपल्या कामाचा सांगाडा होय.

१. पहिल्या ओळीत हॅश व उद्गारचिन्ह लिहून पुढे बॅशचा पूर्ण पत्ता द्यावा. ही फाइल कोणत्या कवचाने वाचावी, हे त्यावरून यंत्रास कळते.

२. ‘डेट’ आज्ञेला अधिक चिन्ह आणि टक्के चिन्हासह मोठे एफ व मोठे टी ही अक्षरे देऊन दिनांक व वेळ मिळवावी आणि ती ‘तारीख’ या नावाखाली ठेवावी. यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस येतो. त्यामुळे ओळी अक्षरक्रमाने लावल्या, तरी त्या कालक्रमानेच लागतात.

३. पुन्हा ‘डेट’, पण या वेळी टक्के चिन्हासह लहान एस. उत्तर सेकंदांत येते. १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीपासून, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३० पासून, किती सेकंद लोटले, ही ती संख्या असते. तिला ‘आरंभ’ म्हणावे.

४. येथे मूळ काम, म्हणजे ‘टार’. गठ्ठ्याच्या नावात त्या दिवसाची तारीख घालावी. ओळीच्या शेवटी २ हा अंक व दोन बाण देऊन चुकांचे संदेश एका वेगळ्या फाइलीत पाठवावेत.

५. ‘स्थिती’ या नावाखाली $? या खुणेचे मूल्य ठेवावे. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक मागे ठेवून जाते. ० म्हणजे काम पार पडले; दुसरा कोणताही अंक म्हणजे काहीतरी उणे राहिले.

६. तिसऱ्या ओळीप्रमाणेच पुन्हा सेकंद घ्यावेत. हे ‘अखेर’.

७. अखेरमधून आरंभ वजा करावा. बॅशमध्ये वजाबाकी दुहेरी कंसात, आधी $ चिन्ह देऊन करतात. हा ‘कालावधी’.

८. ‘इको’ आज्ञेने तारीख, कालावधी व स्थिती, मध्ये स्वल्पविराम देऊन, एका ओळीत लिहावीत आणि >> या दोन बाणांनी ती ओळ नोंदवहीच्या फाइलीस जोडावी.

फाइल तयार झाल्यावर ‘सीएचमॉड’ आज्ञेने तिला चालविण्याची अनुज्ञा द्यावी लागते.

शिकणाऱ्याच्या चार चुका

पहिली चूक बाणांची. एक बाण म्हणजे वही पुसून नव्याने लिहिणे. दोन बाण म्हणजे शेवटी भर घालणे. आठव्या ओळीत एकच बाण पडला, तर वर्षभर आज्ञावली सुरळीत चालेल आणि वर्षाअखेर वहीत केवळ काल रात्रीची एक ओळ सापडेल.

दुसरी चूक क्रमाची. $? ही खूण लगतच्या आधीच्या आज्ञेचाच निकाल सांगते. चौथ्या व पाचव्या ओळींच्या मध्ये ‘काम संपले’ असा संदेश छापणारी एक निरुपद्रवी ओळ घातली, की वहीत त्या संदेशाच्या छपाईचा निकाल नोंदला जातो, आणि तो जवळजवळ नेहमीच शून्य असतो. गठ्ठा बांधला गेला नाही तरी वही ‘ठीक’ म्हणत राहते.

तिसरी चूक मोकळ्या जागेची. नावाखाली मूल्य ठेवताना बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंस जागा सोडू नये. सोडल्यास कवच त्या नावालाच आज्ञा समजते.

चौथी चूक घड्याळाची. जुन्या संगणकातील छोटी बॅटरी संपली, की वीज जाऊन आल्यावर तो कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो. काम चालू असतानाच घड्याळ मागे सरकवून दुरुस्त झाले, तर कालावधी ऋण संख्येतही येऊ शकतो. म्हणून संगणकाचे घड्याळ जाळ्यावरील प्रमाणवेळेशी आपोआप जुळत राहील अशी व्यवस्था करावी. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

पुनरावृत्तीचे दोन मार्ग

पहिला मार्ग फेऱ्यांचा. ‘व्हाइल’, ‘डू’ व ‘डन’ या शब्दांच्या चौकटीत काम लिहावे आणि शेवटी ‘स्लीप’ आज्ञेने ३०० सेकंद थांबावे. हा मार्ग सोपा आहे, पण त्यात वेळ हळूहळू सरकतो. काम २० सेकंदांचे असेल, तर प्रत्येक फेरी ३०० ऐवजी ३२० सेकंदांची होते आणि दिवसाच्या २८८ नोंदींऐवजी २७० च मिळतात.

दुसरा मार्ग ‘क्रॉन’ या सेवेचा. तिला पाच रकान्यांत वेळ सांगतात : मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना व वार. ‘३० २२ * * *’ असे लिहिले, की दररोज रात्री १०.३० वाजता आज्ञावली सुरू होते. काम किती लांबले याचा पुढच्या आरंभावर परिणाम होत नाही. नित्यकर्मासाठी हाच मार्ग योग्य होय.

क्रॉनच्या तीन खोडी ठाऊक असाव्यात. दिवसा हाताने चालविलेली आज्ञावली उत्तम चालते आणि तीच रात्री क्रॉनकडून पडते, याचे नेहमीचे कारण असे की आज्ञा कोठे शोधाव्यात याची क्रॉनजवळची यादी फार तोकडी असते. म्हणून प्रत्येक आज्ञेचा व फाइलीचा पूर्ण पत्ता लिहावा. दुसरी खोड टक्के चिन्हाची. क्रॉनच्या ओळीत ते चिन्ह आले, तर तेथे ओळ तुटली असे मानले जाते. म्हणून तारखेचे काम आज्ञावलीच्या आतच ठेवावे. तिसरी खोड अशी की पहिले काम संपण्यापूर्वी दुसऱ्याची वेळ झाली, तर क्रॉन थांबत नाही आणि एकाच दप्तरावर दोन हात पडतात. ‘फ्लॉक’ ही आज्ञा अशा वेळी दाराला कडी घालते.

वही वाचावी कशी?

लिहिणे यंत्राचे, वाचणे माणसाचे. पुढील सात दिवसांचा नमुना पाहावा. पहिला आकडा कालावधीचा, सेकंदांत, दुसरा स्थितीचा.

२ जून — ७५२, ०
३ जून — ७६१, ०
४ जून — ७५८, १
५ जून — नोंद नाही
६ जून — ७७०, ०
७ जून — २, ०
८ जून — ४१३, २

पहिले दोन दिवस व ६ जून हे निरोगी दिवस होत. ४ जूनची स्थिती १ आहे. ‘टार’च्या बाबतीत गठ्ठा बांधताना याचा अर्थ असा की एखादी फाइल वाचली जात असतानाच बदलली, कोणी रात्री उशिरापर्यंत काम करीत असावे. ती एक फाइल तपासली की भागते. ५ जूनला ओळच नाही. हा पर्जन्यवहीतील कोरा रकाना होय. वीज गेली होती, संगणक बंद होता किंवा क्रॉन थांबला होता. काही झाले तरी त्या रात्रीची प्रत नाही. ८ जूनची स्थिती २ म्हणजे काम अर्ध्यातच मोडले. बाहेरची डिस्क भरली असण्याचा संभव मोठा. चुकांच्या फाइलीत कारण लिहिलेले सापडेल.

या सर्वांत घातक ओळ ७ जूनची आहे, आणि दिसावयास ती सर्वांत निर्दोष आहे. स्थिती ० आहे. केवळ स्थिती पाहणाऱ्याने ‘ठीक’ असा शेरा मारला असता. परंतु रोज साडेबारा मिनिटे घेणारे काम दोन सेकंदांत कसे झाले? कोणीतरी दप्तर दुसऱ्या जागी हलविले आणि ‘कागद’ हे फोल्डर रिकामे मागे राहिले, तर असेच होईल. रिकाम्या फोल्डराचा गठ्ठा बांधण्यात यंत्राच्या लेखी कोणतीही चूक नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले. गठ्ठ्याच्या नावात तारीख नसती, तर त्या रात्री आदल्या दिवशीच्या चांगल्या प्रतीवर हा रिकामा गठ्ठा चढला असता आणि पुढे मूळ डिस्क बिघडती, तर जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचा हिशेब, ग्रामसभांची इतिवृत्ते, सारे एकदम गेले असते. हा अनर्थ कालावधीच्या एका आकड्याने उघडा पाडला. आणि तोही चांगल्या दिवसांचे आकडे आधीपासून वहीत होते म्हणूनच. ७५० सेकंद ही नेहमीची चाल आहे हे ठाऊक नसते, तर २ या आकड्यात शंका घेण्यासारखे काहीच दिसले नसते.

नेहमीची चाल ठरविताना सरासरीपेक्षा मध्यक बरा. समजा, दुसऱ्या एका कामास सात दिवशी १२, १३, १२, १४, १३, १२ व ५७ मिनिटे लागली. सरासरी १९ येते. पण १९ मिनिटे तर कोणत्याच दिवशी लागली नव्हती. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला, तर १३ येतो आणि तो खरी चाल सांगतो. ५७ हा आकडा पुसू नये. त्याचे कारण शोधावे.

वहीची निगा

अशी एक ओळ सुमारे २६ अक्षरांची असते. रोज एक ओळ असेल, तर वहीचा भार नगण्य आहे. दर पाच मिनिटांस एक असेल, तर वर्षात २७ लाखांवर अक्षरे जमतात. तेव्हा महिन्याची वही वेगळी करावी. वहीत संकेतशब्द, आधार क्रमांक किंवा नागरिकांचा खासगी तपशील कधीही उतरू देऊ नये. तिची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, कारण ज्या डिस्कच्या आजाराची नोंद ठेवावयाची, तिच्याबरोबर नोंदही जाऊन चालणार नाही. महिन्यातून एकदा एखादा गठ्ठा प्रत्यक्ष उघडून आतील एखादी फाइल वाचून पाहावी. वही संशय दाखवील. खात्री मात्र उघडून पाहिल्यानेच होते.

संगणक किंवा आज्ञावली बदलताना काय करावे, याचा धडा आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल हे ओळखून अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. परंतु कुलाब्याची वही त्याच दिवशी मिटली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या गेल्या, दोहोंतील फरक समजून घेतला गेला, आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी सांधली गेली. आपणही जुनी व नवी आज्ञावली काही दिवस शेजारी शेजारी चालवावी; मगच जुनी थांबवावी.

तात्पर्य असे की, नोंदवहीत तीन गोष्टी पाहाव्यात : ओळ आहे काय, स्थिती काय आहे, आणि कालावधी नेहमीसारखा आहे काय. यांपैकी एकही एकटी पुरेशी नाही. आठ ओळी लिहिण्यास एक दुपार लागते आणि वही पाहण्यास रोज एक मिनिट. ज्या गावाचे दप्तर सुखरूप असावे असे वाटते, तेथील कोणा एकाने तरी हे मिनिट आपल्या नावावर घ्यावे.

स्वाध्याय

१. वहीतील कोरी जागा व शून्य स्थिती यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

२. एक आज्ञा ४० सेकंद घेते आणि फेरीच्या शेवटी ३२० सेकंद थांबते. चोवीस तासांत किती नोंदी होतील?

३. ९, १०, ९, ४१, ११ या आकड्यांचा मध्यक व सरासरी काढा आणि नेहमीची चाल कोणती ते ठरवा.

४. आपल्या शाळेत किंवा कार्यालयात रोज तशीच होणारी तीन कामे लिहा. त्यांपैकी कोणाची नोंद आज ठेवली जात नाही, ते शोधा.